पासपोर्ट कपाटात, व्हिसा मोबाईलवर

आमचं गाव वेळासच्या शेजारचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवं बघायला येणारे पाहुणे आमच्या घरी उतरतात. आई जेवणाचं बघते, मी त्यांना किनाऱ्यावर नेते. गेल्या वर्षी असाच एक जण चार दिवस राहिला. चाळिशीचा, गोडबोल्या, आणि कासवांची त्याला खरोखर माहिती होती. तिथेच आम्ही फसलो. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं साधारण ४५ ते ५५ दिवसांनी बाहेर येतात, हे मी तोंड उघडायच्या आधी तोच बाकीच्यांना सांगत होता.

मी डी.एड. झालेली, भरतीची वाट बघत पोरांच्या शिकवण्या घेते. हे त्याने आईकडून काढून घेतलं आणि निघताना म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्यांची कोस्टा रिकात गरज आहे." ओस्तिओनाल नावाचं गाव. सकाळी शाळेत मुलांना शिकवायचं, रात्री किनाऱ्यावर गस्त घालायची. सहा महिने, राहणं-जेवण संस्थेचं, वर हातखर्च. मी नेटवर शोधलं. गाव खरं, कासवंही आपलीच ऑलिव्ह रिडले, एकेका वेळी हजारोंनी अंडी घालायला येतात. मला वाटलं, म्हणजे माणूसही खरा.

एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशनचे १५,००० गेले. मेमध्ये आंब्याचे पैसे हातात आले, त्यातले ४८,००० व्हिसा आणि तिकिटाला. जूनमध्ये 'परत मिळणारं डिपॉझिट' ३५,०००, ते बाबांनी सोसायटीतून उचलले. दरवेळी खातं वेगळं, वेगळ्याच माणसाच्या नावाचं. विचारलं तर म्हणे, "अकाउंटंटचं आहे, जीएसटी वाचतो." यावर मी हसले होते. आता आठवलं की कानशिलं तापतात.

लायसनचं बाबांनी विचारलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ई-मायग्रेटच्या साइटवर ती तपासता येते, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापलीकडे त्याला घेता येत नाहीत. यावर त्याचं उत्तर तयार होतं: "काका, ही नोकरी नाही, सेवा आहे." सेवा म्हटल्यावर बाबा गप्प. आमच्याकडे या शब्दापुढे कोणी हिशेब मागत नाही.

जुलैत व्हॉट्सअॅपवर व्हिसा आला. आईने शेजारी पेढे वाटले. बाणकोटचे एक चाचा बाबांकडे बसले होते, कुवेतमध्ये वीस वर्षं काढलेले. त्यांनी चष्मा लावून मोबाईल बघितला.

"पासपोर्ट आण."

आणला. कपाटातल्या डब्यातून, जिथे तो पहिल्यापासून होता. त्याला मी फक्त झेरॉक्स दिली होती.

"पोरी, पासपोर्ट घरात, मग हा व्हिसा चिकटवला कुणाच्या कपाळावर?"

हल्ली ई-व्हिसाही असतात, पण माझ्या मोबाईलवर चक्क पासपोर्टच्या पानाचा फोटो होता, वर चिकटवलेल्या व्हिसासकट. दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या वकिलातीला मेल केला. माझ्या नावाचा अर्जच नव्हता.

त्या रात्री माहितीपत्रक पुन्हा उघडलं. 'ओस्तिओनालची हॅचरी' (अंडी जपायची जागा) असं लिहिलेल्या फोटोत घरट्यांवर बांबूच्या टोपल्या उपड्या घातलेल्या. एका टोपलीची कड सुटलेली, निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली. ती गाठ माझी होती. त्याच्यासमोरच मारलेली.

आणि तिथली पोरं बोलतात स्पॅनिश! मी त्यांना शिकवणार कुठल्या भाषेत, हा प्रश्न चार महिन्यांत ना त्याने काढला, ना मी.

पैसे घेतले म्हणजे फसवणूकच, असंही नाही. परदेशातले बरेच स्वयंसेवक कार्यक्रम राहण्या-जेवणाचे पैसे उघडपणे घेतात. उलट संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम अर्जापासून निवडीपर्यंत एक रुपयाही घेत नाही. मला वाटेत थांबवता आलं असतं ते साध्या गोष्टींनी: संस्थेला त्यांच्या साइटवरच्या पत्त्यावर आपण स्वतः लिहायचं, तिथे जाऊन आलेल्या एखाद्याशी बोलायचं, आणि पैसे संस्थेच्याच नावाच्या खात्यात भरायचे. मी सगळं त्या एका माणसाच्या तोंडून ऐकत राहिले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरवर मी फोन केला तो चाचा येऊन गेल्यावर अकरा दिवसांनी. आधी लाज, मग 'परत देईल' ही आशा. पैसे गेल्याबरोबर कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे कधीच काढून घेतले गेले होते. तक्रार नोंदवली आहे, ९८,००० पैकी काही आलेलं नाही.

पोलिसांनी ओळखपत्राची प्रत मागितली. आमच्या वहीत त्याचं नाव आणि बंद पडलेला मोबाईल नंबर, एवढंच. फोटो मात्र होता. आमच्या पडवीत बसून मोदकावर तूप ओतून घेतोय. मीच काढलेला. आता आई पाहुण्याला आधी पाणी देते आणि तो तांब्या खाली ठेवायच्या आत आधार कार्ड मागते.