मराठी पुस्तकाचा शोध: तालिका, एआय सहायक, की दोन्ही?

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाखलनोंद वह्या संगणकावर उतरवण्याच्या कामात मी काही वर्षे हातभार लावत आहे. अलीकडे कार्यकारिणीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: एआयला विचारले की पुस्तकाची सगळी माहिती मिळते, मग तालिकेची, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या शोधता येणाऱ्या नोंदींची, ही उठाठेव कशासाठी? प्रश्न गैर नाही, मात्र ‘एआय’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. पहिला सहायक केवळ प्रशिक्षणात मुरलेल्या मजकुराच्या आधारे, म्हणजे आठवणीवर, उत्तर देतो. दुसरा इंटरनेट चाळून उत्तर देतो. तिसरा एखाद्या ग्रंथालयाच्या तालिकेला थेट जोडलेला असतो आणि तिच्यातील नोंदी वाचून बोलतो. या तिघांच्या समोर चौथा पर्याय म्हणून जुनी, रुक्ष तालिका उभी आहे, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय निवड करणे योग्य होणार नाही.

आठवणीवर बोलणाऱ्या सहायकाविषयीचे माझे मत एका प्रसंगाने पक्के झाले. एका सभासदाने १९४०च्या दशकातील एका पाककृतींच्या पुस्तकाचा तपशील अशा सहायकाकडून मिळवून आणला होता. लेखिकेचे नाव, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि शेवटी तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असा सारा थाट व्यवस्थित होता. परंतु आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० साली आले आणि त्याचे तेरा आकडी रूप १ जानेवारी २००७ पासून लागू झाले. त्या काळच्या पुस्तकावर असा क्रमांक असणे शक्यच नव्हते, आणि पुढे कोणी पुनर्मुद्रण केले असेलच तर तसा उल्लेख त्या तपशिलात असायला हवा होता. तो नव्हता.

अशा क्रमांकाची प्राथमिक तपासणी कागदावर करता येते. डावीकडून पहिला आकडा तसाच घ्यावा, दुसऱ्याची तिप्पट करावी, तिसरा पुन्हा तसाच, चौथ्याची तिप्पट, याप्रमाणे तेराही आकडे धरून बेरीज करावी. तिला दहाने पूर्ण भाग गेला नाही, तर क्रमांक खोटा किंवा चुकीचा उतरवलेला आहे. भारतातील क्रमांक ९७८नंतर ८१ किंवा ९३ने सुरू होतात, हीसुद्धा एक खूण आहे. मात्र या तपासणीत उत्तीर्ण झालेला क्रमांक खरा असेलच असे नाही, कारण शेवटचा आकडा अंदाजाने ठोकला तरी दहापैकी एकदा तो जुळतोच, आणि जुळलेला क्रमांक भलत्याच पुस्तकाचाही असू शकतो. म्हणून आयएसबीएन, प्रकाशनवर्ष, आवृत्ती आणि पृष्ठसंख्या या चार गोष्टी आठवणीवर बोलणाऱ्या सहायकाकडून कधीही स्वीकारू नयेत, असा आमच्या ग्रंथालयापुरता नियम मी करून टाकला आहे.

तरीही या सहायकाला सरसकट निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्याचा खरा उपयोग समजण्यासाठी तालिकेचा हट्टी स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. तालिका अक्षरे जुळवते, अर्थ जुळवत नाही. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही अडचण इंग्रजीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे आणि तिची कारणे आपल्याच लेखनाच्या इतिहासात आहेत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘भाषेचें व्याकरण’ असे असेल आणि दक्ष ग्रंथपालाने ते जसेच्या तसे नोंदवले असेल, तर ‘भाषेचे व्याकरण’ असा शोध घेणाऱ्याला ते पुस्तक कदाचित दिसणारच नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तेच. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत येण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांमध्ये भरलेल्या नोंदी अजून काही ग्रंथालयांत तशाच पडून आहेत आणि त्यांच्यापुढे तर देवनागरीतील शोधाला अर्थच उरत नाही.

मराठी पुस्तक परदेशी तालिकेत शोधताना आणखी एक भिंत आडवी येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीतील कार्यालयामार्फत १९६२पासून पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत योजनेखाली भारतीय भाषांतील पुस्तके घेऊन ती अमेरिकी विद्यापीठांना पुरवली. त्यामुळे पुण्यात हाती न लागणारे एखादे मराठी पुस्तक शिकागो विद्यापीठात सुखरूप असण्याची शक्यता खरोखरच असते. पण तिथल्या बहुतांश जुन्या नोंदी केवळ रोमन लिपीत आहेत आणि तीसुद्धा आपल्या सवयीच्या रोमन लिपीत नाहीत. ‘चिपळूण’ हा शब्द रेल्वेच्या पाटीवर आपण सी-एच-आय-पी-एल-यू-एन असा वाचतो. त्या तालिकांच्या लिप्यंतर पद्धतीत तो सी-आय-पी-ए-एल-यू-एन-ए असा होतो, कारण ‘च’साठी एकटा सी पुरतो आणि प्रत्येक व्यंजनातील अ, अगदी शेवटचासुद्धा, लिहून दाखवला जातो. एल आणि शेवटच्या एनखाली टिंबे, यूवर आडवी रेघ. हे माहीत नसलेला माणूस पाटीवरचे स्पेलिंग टाकतो, शून्य निकाल पाहतो आणि पुस्तक जगातून नाहीसे झाले असे समजून परततो.

आठवणीवर बोलणारा सहायक नेमका इथे कामाला येतो. ‘या शीर्षकाची जुन्या शुद्धलेखनातील, नव्या शुद्धलेखनातील आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर पद्धतीतील रूपे लिहून दे’ असे सांगितले की तो पाच-सात रूपे क्षणात देतो, आणि त्यातले एखादे चुकले तरी बिघडत काही नाही, कारण चुकीच्या रूपाने फार तर शोध रिकामा जातो. टोपणनावांचेही तसेच. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले; ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे मोठ्या ग्रंथालयांच्या नामनोंदींत जोडलेले असते, लहान ग्रंथालयाच्या तालिकेत बहुधा नसते. सहायक ही जोडणी सुचवू शकतो. अप्रसिद्ध लेखकांच्या बाबतीत मात्र तो बेधडक चुकीची टोपणनावेही चिकटवतो, म्हणून सुचवलेले नाव घेऊन शोध घ्यावा, नोंदीत ते लगेच लिहू नये.

इंटरनेट चाळून उत्तर देणाऱ्या सहायकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नव्या, विक्रीत असलेल्या पुस्तकासाठी तो सोयीचा आहे; जुन्या मराठी पुस्तकासाठी तो बहुधा ऑनलाइन विक्रेत्यांची पाने वाचतो आणि तिथला ‘प्रकाशनवर्ष’ हा तपशील कित्येकदा ताज्या पुनर्मुद्रणाचा असतो. शिवाय ग्रंथालयांच्या तालिकांमधील नोंदी शोधखिडकीत काही टंकल्यावरच तयार होऊन समोर येतात, त्यामुळे वेब चाळणाऱ्याला त्या पुष्कळदा दिसतच नाहीत.

तालिकेला जोडलेला सहायक हा या सगळ्यांत विचार करण्याजोगा पर्याय आहे. अशी जोडणी आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. ग्रंथालयांच्या तालिका एकमेकींशी बोलण्यासाठी झेड३९.५० आणि एसआरयू हे संकेत (प्रोटोकॉल) कितीतरी वर्षे वापरात आहेत. इंटरनेट अर्काइव्हच्या ओपन लायब्ररी या खुल्या तालिकेत कोणतीही किल्ली, म्हणजे प्रवेशाचा संकेतांक, न घेता यंत्राद्वारे शोध घेता येतो. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये जाहीर झालेल्या एमसीपी या खुल्या संकेतामुळे सहायकाला अशा बाहेरच्या साधनांशी जोडण्याची एक समान रीत मिळाली आहे. वाचकाने साध्या मराठीत विचारावे, सहायकाने त्याचे पाच-सात शोध तयार करून तालिकेकडे पाठवावेत, भाषेचा संकेत मराठी असलेल्याच नोंदी गाळून घ्याव्यात आणि मिळालेल्या नोंदी दाखवाव्यात, ही कल्पना उत्तम आहे आणि शुद्धलेखनाच्या वर सांगितलेल्या अडचणींवर ती बरीचशी लागूही पडते.

धोका आहे तो शून्य निकालाच्या क्षणी. तालिकेने ‘काही नाही’ म्हटल्यावर सहायक दोन चुका करू शकतो. एक तर तो ‘असे पुस्तक अस्तित्वात नाही’ असा निर्वाळा देतो, वास्तविक त्याने एकाच रूपाने शोध घेतलेला असतो. किंवा रिकामी जागा सहन न होऊन आठवणीतला तपशील तालिकेतल्या तपशिलाच्या शेजारी अशा रीतीने मांडतो की कोणता कुठून आला हे कळतच नाही. म्हणून जोडलेला सहायक निवडताना मी दोन अटी घालतो: त्याने कोणते शब्द टाकून शोध घेतला ते जसेच्या तसे दिसले पाहिजे, आणि प्रत्येक पुस्तकासमोर मूळ नोंदीचा क्रमांक किंवा दुवा असला पाहिजे. या दोन अटी न पाळणारा सहायक तालिकेला जोडलेला असला काय आणि नसला काय, माझ्या लेखी सारखाच.

इथे ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला एक आगाऊ सूचना करावीशी वाटते. तुमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर असेल आणि देवनागरी शोध नीट चालत नसेल, तर एआयचा खर्च मंजूर करण्याआधी शोधयंत्राची मांडणी तपासून घ्या. कोहातील झेब्रा या शोधयंत्रात शब्दांची अनुक्रमणी (इंडेक्सिंग) सीएचआर किंवा आयसीयू अशा दोन पद्धतींनी होते. रोमनखेरीज अन्य लिप्यांसाठी आयसीयू लागते. ती बदलून सर्व नोंदींची पुन्हा अनुक्रमणी करणे हे जाणकाराचे थोडक्या वेळाचे काम आहे, आणि बऱ्याचशा तक्रारी तिथेच संपतात. कोहा हे मुळात न्यूझीलंडमध्ये तयार झालेले मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे त्यासाठी परवान्याचे पैसेही पडत नाहीत.

शोध घेणे आणि नोंद करणे ही दोन कामे वेगळी धरावीत. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र देऊन सहायकाकडून मार्क पद्धतीची, म्हणजे क्रमांक दिलेल्या रकान्यांची, नोंद तयार करून घेण्याचा प्रयोग मी बराच केला आहे आणि त्यात वेळ वाचतो, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. शीर्षक २४५मध्ये, लेखक १००मध्ये, आयएसबीएन असल्यास ०२०मध्ये, ही विभागणी तो सहसा चुकत नाही. तो चुकतो ते मराठी पुस्तकाच्या खास रीतींमध्ये. मुद्रकाला प्रकाशक समजणे हे नित्याचे. ‘शके १८५०’ दिसले की कधी तो तेच वर्ष इसवी सन म्हणून लिहितो आणि कधी न चुकता ७८ मिळवतो, वास्तविक शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. सर्वांत मजेदार चूक ‘श्री.’ची. ‘श्री. ना. पेंडसे’ या नावातील ‘श्री.’ हे श्रीपादचे आद्याक्षर आहे. सहायकाने ते आदरार्थी समजून गाळले आणि नोंदीत ‘पेंडसे, ना.’ असे कोणी भलतेच गृहस्थ अवतरले. ही चूक नवखा मदतनीसही करतो, पण त्याला एकदा सांगितले की पुढच्या महिन्यातही ते लक्षात राहते.

आता कोणी काय निवडावे. विसरलेल्या पुस्तकाचे नाव आठवू पाहणाऱ्या वाचकाने आठवणीवर बोलणारा सहायक खुशाल वापरावा आणि मिळालेले नाव कोणत्याही एका तालिकेत पडताळावे. संशोधकाने सहायकाकडून फक्त शब्दरूपे घ्यावीत आणि शोध स्वतः, थेट तालिकेत घ्यावा, कारण संदर्भसूचीतील प्रत्येक नोंदीची जबाबदारी त्याच्यावर आहे. १९५०पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीची पाने त्याने आधी उलटलेली असावीत हे गृहीत धरतो. लहान ग्रंथालयाने आधी स्वतःच्या नोंदी युनिकोडमध्ये आणि शोधण्याजोग्या कराव्यात, जोडलेल्या सहायकाचा विचार त्यानंतर करावा. ज्या ग्रंथालयाची तालिका अजून दाखलनोंद वहीतच आहे, तिथले पुस्तक शोधण्यासाठी ग्रंथपालांना दूरध्वनी करणे हाच मार्ग आहे. कोणाही सहायकाला ती वही दिसत नाही. कोणत्याही परिस्थितीत सभासदांची नावे आणि कोणी कोणते पुस्तक नेले याच्या नोंदी बाहेरच्या सेवेत चिकटवू नयेत.

सहायक घेण्याचे ठरलेच, तर पैसे भरण्यापूर्वी स्वतःच्या संग्रहातील हाती घेऊन पाहता येतील अशा आठ पुस्तकांवर त्याची परीक्षा घ्यावी: दोन जुन्या अनुस्वारांची, दोन टोपणनावांची, दोन शकवर्षाची आणि दोन अशी की ज्यांच्या शीर्षकात ‘ऱ्य’ किंवा ‘ॲ’ आहे. त्यांत आपण मनाने रचलेली, कधीच न छापलेली दोन शीर्षके मिसळावीत. आमच्याकडे तपासलेल्या दोन सहायकांपैकी एकाने त्यातल्या एका शीर्षकाची तिसरी आवृत्तीही सांगितली. दुसऱ्याने आपण टाकलेले सहा शोध एकाखाली एक लिहून दाखवले आणि नोंद सापडली नाही असे कळवले. त्या दुसऱ्याची वर्गणी बैठकीत मंजूर झाली, सध्या सहा महिन्यांपुरती.