बुद्ध्यांक वाढवून देतो म्हणणाऱ्या ॲपला पैसे भरण्याआधी हे वाचा

आमच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. 'मेंदूचा व्यायाम' म्हणून विकल्या जाणाऱ्या एका ॲपची वर्षाची फी आम्ही त्याच्यासाठी एकरकमी भरली. रोज अर्धा तास खेळला की बुद्ध्यांक वाढणारच, असं विकणाऱ्या बाई फोनवर छातीठोक सांगत होत्या. अमेरिकेत अशा खेळाला सरकारी मान्यता आहे, हेही त्यांचंच. ती मान्यता 2020 साली मिळाली हे खरं, पण वेगळ्याच खेळाला आणि 8 ते 12 वर्षांच्या एडीएचडी (लक्ष टिकवणं कठीण जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांसाठी. बौद्धिक अक्षमतेशी तिचा संबंध नाही.

खेळ वाईट नव्हते. चमकलेल्या चौकोनांचा क्रम लक्षात ठेवण्यात तो खरंच तरबेज झाला. पण 'चप्पल काढ आणि हात धू' म्हटलं की चप्पल काढून तिथेच उभा. त्याच्या विशेष शिक्षिका म्हणाल्या, जो खेळ रोज खेळेल तो जमणारच, रोजची कामं त्याने आपोआप जमत नाहीत. असेच मेंदूचे खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटीसारख्या नावाजलेल्या कंपनीलाही शाळेत आणि कामात फायदा होतो असे दावे पुराव्याविना केल्याच्या आरोपावरून 2016 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करून 20 लाख डॉलर भरावे लागले.

आमच्याशी तर चक्क खोटेपणा झाला. मुलगा तापाने झोपून होता, टॅबला हातसुद्धा लावला नव्हता, आणि त्याच आठवड्याचा प्रगती अहवाल आला: एकाग्रता वाढली, स्मरणशक्ती वाढली, शेजारी वर चढणारा हिरवा आलेख. आकडे आले कुठून? 'सिस्टिम आपोआप काढते.' पैसे परत मागितले तर मुदत टळली म्हणे. वर पुढच्या वर्षाची फीसुद्धा न विचारता खात्यातून कापली!

अशा मुलांचे आईवडील आशेवर जगतात, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कळकळीने सांगते, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवरच अभ्यास झालाय का, आणि ॲप न वापरणाऱ्या तशाच मुलांशी तुलना केली का, हे लेखी मागा. आधी आणि नंतरची चाचणी कंपनीशी संबंध नसलेल्या मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्या, त्यात कपडे घालणं, पैसे मोजणं अशी रोजची कौशल्यंही तपासायला सांगा. आणि ऑटो-डेबिटला परवानगी दिली असेल, तर ती आजच बँकेत सांगून बंद करा.