एका पिनचा ‘बोस’ आणि माझे 64,500 रुपये

बोसचा वैमानिकी हेडसेट म्हणून घेतलेल्या नकली मालासाठी 5,000 टोकन, 53,000 माल हातात आल्यावर, वर 6,500 ‘ॲडॉप्टर’चे. सगळे यूपीआयवरून गेले आणि बुडाले.

मुलगी वैमानिकाचं प्रशिक्षण घेते. सेसना 172 या छोट्या विमानात इंजिनाचा आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तरी इंटरकॉम लागतो. तिथला जुना हेडसेट घालून उडून आली की डोकं धरून बसायची. इंजिनाचा आवाज मारणारा बोस कंपनीचा ए20 हेडसेट नवीन मिळायचा तेव्हा लाखाच्या वर जायचा. सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या, 200 तासांचे पैसे भरणाऱ्या बापाने सेकंडहँड शोधला, तर त्यात गैर काय?

व्हॉट्सॲपवर जाहिरात आली: एअरलाइनमध्ये लागलो, बोसचाच नवा ए30 घेतला, जुना ए20 देतोय. विकणारा नागपुरात वर्धा रोडच्या एका हॉटेलात भेटला. गणवेशात, खांद्यावर तीन पट्ट्या, बोलणं लोण्यासारखं. जावई म्हणून विचार करावा असा पोरगा.

कप कानावर चढवले. काउंटरवरची भांडी, लोकांच्या गप्पा, सगळं दबलं. मी खूश! अहो, जाड गादीचे कुठलेही कप तेवढं करतातच. पैसे मोजायचे ते इंजिनाची घरघर मारण्याचे: कपातला माइक ती ऐकतो, स्पीकर उलटी लहर सोडतो. म्हणून घ्यायचाच असेल तर चालू इंजिनाजवळ घाला आणि स्विच बंद करून बघा. घरघर अंगावर आली नाही, तर उठा तिथून.

फोटो पाठवला तशी मुलीचा फोन. “बाबा, पिन एकच दिसतेय. आपल्याला दोन लागतात, एक जाड, एक बारीक.” तो हसून म्हणाला, “काका, हा हेलिकॉप्टरचा प्लग आहे. ॲडॉप्टर लावला की झालं, मी कुरियर करतो.” आणि हे खरं आहे! हेलिकॉप्टरला एकच पिन असते, ॲडॉप्टरही मिळतो. खरं बोलून फसवणाऱ्याला कोण पकडणार? एअरलाइनवाल्याकडे हेलिकॉप्टरचा प्लग काऊन, हे मला रात्री अंथरुणात सुचलं. तोवर 6,500 पण गेले होते.

ॲडॉप्टर आलाच नाही. ए20 ला दोन एए सेल लागतात. कंट्रोलची डबी मुलीने उघडली, तर आत नाण्याएवढा एक सेल आणि त्याला चिकटवलेला हिरवा एलईडी. बाकी पोकळ. दिवा लुकलुकत असताना डबी उघडून बघायचं कोणाच्या डोक्यात येतं? तुम्ही उघडा मात्र.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, संपलं. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला भेटलात, माल पाहिला, हे सायबर कसं? ठाण्यात जा. घराजवळच्या ठाण्यात म्हणाले, हॉटेल आमच्या हद्दीत नाही. हॉटेलच्या हद्दीतले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले ना, मग सायबर! मी सांगितलं, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवता येतो. तर म्हणे, “कायदा आम्हाले शिकवता का?” वर एक हवालदार, “हेडफोनले साठ हजार? माह्या पोरानं सीताबर्डीवरून आठशेत आणला.” अख्खं ठाणं हसलं. शेवटी दिला तो साधा अर्ज ठेवून घेतला. गुन्हा नाही, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 नाही, काही नाही. सीसीटीव्ही मागितलं, तर हॉटेलवाला म्हणतो पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी गुन्हा तर दाखल होऊ द्या. तो कोणी करायचा, ते सांगा!

टोकन देऊ नका, कितीही घाई दाखवू दे. सिरियल नंबर घेऊन कंपनीला मेल टाका. ‘माझ्याकडे आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत’ म्हणाला, तर त्यांनाच दे म्हणावं. आणि सोबत उडणारं माणूस न्या, बाप नको.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने फिरताना दिसली. फोटो तोच, किंमत 55,000. फोटोत पिन एकच आहे, झूम करून बघा.