३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च : झिंक ऑक्साइडच्या लॉजिक गेटला पुरते का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचं, यूव्ही उजेडावर चालणारं लॉजिक गेट (दोन इनपुट बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ असं आउटपुट देणारं सर्किट) करायचं ठरलं की पहिली खरेदी यूव्ही टॉर्चची. १८६५० या रिचार्जेबल लिथियम सेलवर चालणारी, काळ्या फिल्टरकाचेची ३६५ ची टॉर्च घ्या. नॅनोकणांचा पातळ थर, म्हणजे फिल्म, तपासायला ती उत्तम. गेट चालवायला मात्र कमी पडते.

झिंक ऑक्साइडचा बँडगॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला उजेडाच्या कणाकडे (फोटॉनकडे) लागणारी किमान ऊर्जा, साधारण ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ३६५ चा फोटॉन ३.४ चा, म्हणून काम होतं. स्वस्तातल्या बऱ्याच टॉर्च ३९५ च्या असतात. त्यांचा फोटॉन ३.१४ चा, तिथेच गाडी अडते. दुकानात नोट धरून पारख करू नका, नंबर दोन्हींत चमकतात. स्टीलच्या ताटलीवर मारून बघा: ३९५ भडक जांभळी दिसते, फिल्टर लावलेली ३६५ जेमतेम. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच.

फिल्म सोपी आहे. १० मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये झिंक ऑक्साइडची ०.१ ग्रॅम पावडर, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५ मिनिटं, मग कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडवर दोन थेंब आणि ११० अंशांवर सुकवणं. थर जाड झाला की तडे जातात.

यूव्ही पडताच कणांना चिकटलेला ऑक्सिजन सुटतो आणि करंट चढतो. टॉर्च बंद केली तरी तो लगेच उतरत नाही, काही वेळा तासभरही रेंगाळतो. गेटला ही डोकेदुखी, पण मेंदूच्या सिनॅप्ससारखी (चेतापेशींमधल्या जोडासारखी) स्मृती दाखवायची असेल तर हेच भांडवल. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असे दहा पल्स दिले की करंट पायरी-पायरीने वर जातो.

आणि नेमकी इथेच टॉर्च फसते. बटणाने पल्स सारखे येत नाहीत, सेल उतरला की उजेड उतरतो, आणि जळगावच्या मे महिन्यात एलईडी तापून आणखी मंदावतो. पावसाळ्यात दमट हवेने अंधारातला करंटही बदलतो, म्हणून दर वेळी आधी तो मोजा.

गेटसाठी हीटसिंकवरचे दोन सुटे ३६५ चे एलईडी, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आणि आर्डुइनो बोर्डाने चालणारे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या. दोन्ही उजेड एकाच फिल्मवर पाडा, पुढे कंपॅरेटर, म्हणजे करंट ठरवलेल्या पातळीच्या वर आहे का ते सांगणारं सर्किट, लावा. पातळी वर ठेवली तर अँड (दोन्ही उजेड हवेत), खाली ठेवली तर ऑर (एकही पुरतो). आउटपुट विजेचं असल्याने अहवालात याला ‘ऑप्टिकल’ न म्हणता ऑप्टोइलेक्ट्रॉनिकच म्हणा, नाहीतर व्हायवाला परीक्षक तिथेच धरतील. सेटअपवर ॲक्रिलिकचं झाकण ठेवू नका, बरंच ॲक्रिलिक यूव्ही अडवतं. काचेची स्लाइड चालते.