‘टर्न्स काढून 12-0-12 केलाय’ म्हणून गळ्यात मारलेला ट्रान्सफॉर्मर

गणपती तोंडावर आले होते आणि आमच्या वाडीच्या भजनी मंडळासाठी मला छोटा ॲम्प्लिफायर बांधायचा होता. पेटी, पखवाज आणि बुवांचा आवाज एवढंच काम, घरोघरी उचलून नेता आला पाहिजे. दोन एलएम1875 आयसींचा बोर्ड तयार होता. त्याला 12-0-12 चा, म्हणजे मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना 12-12 व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर हवा होता. ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि कपॅसिटरनंतर त्यातून अधिक-उणे 16 व्होल्टच्या आसपास डीसी मिळतं. मंडपवाल्याच्या जुन्या मशीनचा सप्लाय मिळाला तर बरा, असं मला वाटत होतं. जुन्या मालातलं तांबं चांगलं असतं, हे माझं मत आजही कायम आहे.

मोबाइलवर कणकवलीकडच्या एकाची जाहिरात दिसली. फोन केला. म्हणाला, स्टेजच्या ॲम्प्लिफायरचा 32-0-32, 3 अँपियरचा ट्रान्सफॉर्मर आहे, सेकंडरीचे (आउटपुटच्या वाइंडिंगचे) टर्न्स, म्हणजे तारेचे वेढे, काढून 12-0-12 केलाय, व्होल्टेज उतरलं म्हणून आता 8 अँपियर देतो. “दादानू, ओरिजिनल कॉपर आसा. आणखी दोघे मागतत, तुमका होयो तर आजच सांगा.” मल्टिमीटर लावलेला व्हिडिओही पाठवला. मी 2,200 रुपये मोबाइलवरूनच पाठवले.

त्याचं ते 8 अँपियर ऐकूनच मी थांबायला हवं होतं. टर्न्स काढले तरी उरलेली तार तेवढ्याच जाडीची राहते. जी तार 3 अँपियर सोसत होती ती 3च सोसणार. 32-0-32 ला 192 व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर) मिळत होते, तर 12-0-12 ला फक्त 72 मिळतील. जास्त करंट हवा तर जाड तारेनं सेकंडरी नव्यानं गुंडाळावी लागते. हे मला माहीत होतं, पण गणपतीच्या घाईत डोक्यात आलं नाही.

एसटीनं पार्सल आलं. सिरीज बल्ब (शॉर्ट असेल तर लख्ख पेटतो) लावून बघितला, शॉर्ट नव्हता. मीटरवर 13-0-13 आलं. खूश झालो. रात्री देवळात तालमीला लावला, तर पखवाजाच्या प्रत्येक थापेला आवाज फाटायला लागला. तासाभरात वॉर्निश जळल्याचा वास आला आणि बुवांनी स्वतः प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 55 वॅटचा बल्ब एका बाजूला लावला. हा बल्ब साडेचार अँपियर ओढतो. मीटर 13 वरून थेट 8 वर. दहा मिनिटांत पट्टीला (लोखंडी गाभ्याला) हात लावता येईना. मग स्लीव्ह कापून सेकंडरीची तार ब्लेडनं खरवडली. वरचा थर तांबूस होता, आत पांढरीशुभ्र ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर नीट धरत नाही, म्हणून तारेची टोकं लवचीक वायरीला नुसती पिळून वर स्लीव्ह चढवली होती. म्हणजे टर्न्स काढलेलेच नव्हते. जुन्या गंजलेल्या पट्टीत बारीक तारेचं नवं वाइंडिंग भरलं होतं. प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) फ्यूजही नव्हता. हे देवळात, लाकडी मखराशेजारी, पोरांच्या घोळक्यात चालू होतं. पैशांपेक्षा त्याचाच मला जास्त राग आहे.

फोन केला तेव्हा “चेक करून पाठवलेलो” एवढंच बोलला. नंतर माझा नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

तुम्ही असा सप्लाय घेणार असाल तर लोडशिवायचं रीडिंग बघून पैसे देऊ नका, व्हिडिओवर तर नकोच. हेडलाइटचा बल्ब आणि मीटर सोबत न्या, बल्ब पंधरा मिनिटं समोर पेटवायला सांगा. एक-दीड व्होल्ट उतरलं तर समजण्यासारखं आहे, त्याहून जास्त उतरलं तर उठून या. टोक खरवडून बघायला विकणारा नको म्हणाला, तरी उठून या.

काल तीच जाहिरात दुसऱ्या नंबरवरून पुन्हा दिसली. फोटो तोच, मजकूर तोच, 8 अँपियर तेच. किंमत आता 2,500 लावली आहे.