सोसायटीतला व्हॉट्सॲप ग्रुप की फेसबुकवरचा मोठा ग्रुप?

भाचीचं बाळ दीड महिन्याचं. परवा तिनं विचारलं, "मावशी, आयांच्या कुठल्या ग्रुपमध्ये जाऊ? सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर की फेसबुकवरच्या मोठ्या?"

रात्री अडीचला बाळ रडतं तेव्हा फेसबुकवर कुणीतरी जागं असतंच, अगदी परदेशातली मराठी आईसुद्धा. सोसायटीत सकाळपर्यंत थांबावं लागतं. पण सकाळी तीच शेजारीण डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात येते, बाळाला अर्धा तास मांडीवर घेते आणि तुझी अंघोळ निवांत होते. मोठ्या ग्रुपला हे कधीच जमणार नाही.

मनातलं बोलायचं तर उलटं. सासूबाईंशी उडणारे खटके, उगीच भरून येणं, हे रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना सांगवत नाही. फेसबुकवर नाव न दाखवता लिहिता येतं. ॲडमिनला मात्र ते दिसतं.

घुटी, मध, पाण्याचे सल्ले दोन्हीकडे मिळतील. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, बाकी डॉक्टरांना विचार.

हाताशी माणूस हवं असेल तर सोसायटी, मोकळं व्हायचं असेल तर फेसबुक. तुझं रडू दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर मात्र डॉक्टर गाठ किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. तो दिवसरात्र चालू असतो, मोफत.