बीडी, १-०-१ की पूर्ण शब्द: औषध लिहिताना नर्सिंग होमने काय निवडावं?

नाशिकची पंचवटी असो की सिडको, छोट्या नर्सिंग होममध्ये एकच औषध दोनदा लिहिलं जातं: वॉर्डच्या तक्त्यावर सिस्टरसाठी आणि डिस्चार्ज कार्डावर घरच्यांसाठी. दोन्हीकडे एकच पद्धत लावू नका.

वॉर्डात ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा) चालतील. सिस्टरना ती पाठ असतात, लिहूनही पटकन होतं. पण शेजारी घड्याळाची वेळ हवीच. नुसत्या टीडीएसवरून जेवणाबरोबर की दर ८ तासांनी, हे कळत नाही. टीडीएस अँटिबायोटिकला ६, १४, २२ असंच लिहा. क्यूडी (रोज एकदा) मात्र बंद करा. घाईच्या अक्षरात ते क्यूआयडी (दिवसातून चारदा) वाचलं जातं आणि एकाचे चार डोस होतात. डोळ्यांच्या थेंबांना ओडी नको, कारण तिथे त्याचा अर्थ उजवा डोळा.

डिस्चार्ज कार्डावर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) सरस. पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या घरातही सकाळ-दुपार-रात्र लगेच समजतं, फक्त रकान्यांवर हे शब्द छापून घ्या. दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध मात्र या साच्यात बसत नाही. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट १-०-० लिहिलं, तर माणूस ते रोज घेतो, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेततं. तिथे ‘फक्त सोमवारी’ असा वार अक्षरात लिहा.

पूर्ण शब्दांना वेळ आणि जागा जास्त लागते. तरी इन्सुलिन लिहिताना त्यांना पर्याय नाही. युनिटसाठीचा इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. ‘१० युनिट’ लिहा, मध्ये जागा सोडा, व्हायलची (औषधाच्या बाटलीची) ताकदही लिहा. आपल्याकडे १ मिलीत ४० आणि १०० युनिट, अशी दोन्ही मिळतात. ४० च्या लाल टोपीच्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर २० नव्हे, ५० युनिट जातात. प्रसूतिगृहात एमएस लिहूच नका: वेदनाशामक मॉर्फिन सल्फेट की झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट? रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनच्या २००४ च्या निषिद्ध लघुरूपांच्या यादीत यू, क्यूडी आणि एमएस तिन्ही आहेत. ५.० सुद्धा आहे, बिंदू पुसट झाला की ५० होतो. उलट .५ च्या आधी शून्य हवंच: ०.५.

एसओएस (गरज पडली तरच) दोन्हीकडे अपुरं. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० साठी असं लिहा: ‘ताप आला तरच १ गोळी, दोन गोळ्यांत किमान ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही.’